चौथी शिवण

…नाही, फाईल नका उघडू आत्ता, फाईल कुठे पळून जात नाहीये — आधी फोन करा, मग तुम्ही विचाराल त्याचं उत्तर देते, एकेक करून, नीट — हो हो, ऐकलं मी, चौकशी अधिकारी तुम्ही, प्रश्न तुम्ही विचारायचे, मान्य. पण घड्याळ बघा ना. साडेअकरा झालेत. चार वाजता उडी आहे. संयुक्त सराव — आपली एकशेसाठ माणसं आणि मित्रदेशाची एकशेसाठ, त्यांच्या विमानांतून, पाठीवर आपल्या कारखान्यात शिवलेल्या छत्र्या घेऊन. ती उडी आज होऊ देऊ नका, एवढंच म्हणतेय मी. कारण काहीही सांगा. वारा सांगा. वाऱ्यासाठी सराव पुढे ढकलतात, नेहमीचं आहे ते, कुणी फार खोदून विचारत नाही — हो, दिसतंय मला, खिडकीबाहेर पान हलत नाहीये. पण वर असेल ना, वरचा वारा वेगळा असतो. नाहीतर विमानात काही बिघाड आहे म्हणून… बरं. बरं, बसा. मीही बसते. पाणी घ्या. मीही घेते.

मी कोण ते लिहा. शिलाई विभाग, मोठा हॉल, शेवटचं टेबल. बत्तीस वर्षं. हॉलमध्ये मला मास्तरीण म्हणतात — शाळेत कधी शिकवलं नाही, पण ओरडते म्हणून असेल. शेवटचं टेबल म्हणजे काय, तर छत्री — पॅराशूट हो, आम्ही छत्रीच म्हणतो — कापून, जोडून, दोऱ्या लावून झाली की माझ्यापुढे येते. मी तिचा घेर बोटांखालून फिरवते, अठ्ठावीस दोऱ्या, अठ्ठावीस सांधे, मग नंबराची पट्टी शिवते आणि थप्पीवर ठेवते. माझ्या हातून सुटली की पुढे नुसती घडी घालणारे. ते शिवण बघत नाहीत. आणि तुमचं म्हणणं असं की डेपोत अशा नऊ छत्र्या सापडल्या, की जिथे दोरी घेराला जोडतात तिथे ड्रॉइंगमध्ये शिवणीच्या तीन ओळी आहेत आणि या नऊंमध्ये चार. चौथी तिरपी. करारात लिहिलंय, ड्रॉइंगबाहेर एक टाका घालायचा नाही, घातला तर परवाना रद्द, आणि परवाना गेला की हॉलला कुलूप. पाठ आहे मला ते कलम, माझ्या टेबलासमोरच चिकटवलंय, दोन भाषांत. आता ही चौथी ओळ घातली कुणी — मला काय माहीत, साहेब. नऊशे बायका आहेत. एखादीचा हात जुन्या वळणावर गेला असेल. ती लांब वेणीवाली होती ना, गेल्या वर्षी निवृत्त झाली, तिला जरा सवय होती — नाही. खोडा ते. खोडा म्हणते ना. ती बिचारी उभ्या आयुष्यात ड्रॉइंगबाहेर गेली नाही. घाबरलं की माणूस कुणावरही ढकलतो, लाज वाटते मला.

तुम्ही तरुण आहात, तुम्हाला करारानंतरचाच कारखाना ठाऊक. आधीचा सांगते — नाही, विषय सोडून नाही, हाच विषय आहे. आधी आम्ही तीनशे जणी होतो. कापड आपल्याच गिरणीचं, जाडजूड, दणकट, सुई मोडायची पण कापड नाही. दोरी आपली. आणि वरच्या मजल्यावर ड्रॉइंगची खोली, सात माणसं, त्यांच्यातले मोठे म्हणजे काका. ड्रॉइंगवाले काका. कानाला पेन्सिल, चपला काढून जिना उतरायचे, का ते देव जाणे, आणि आमच्या मशीनपाशी येऊन विचारायचे — सुई जातेय का गं नीट, कापड ओढतंय का. आम्हाला विचारायचे! त्या खोलीत ओढायचं मशीन होतं. शिवलेला तुकडा दोन्हीकडून पकडीत धरायचा, चाक फिरवायचं, काटा चढत जायचा आणि एका क्षणी टर्र. किती ताणाला फाटलं ते कळायचं. आम्ही पैजा लावायचो, हरेल तिने सगळ्यांचा चहा आणायचा. तर सुरुवातीला आपल्याही छत्रीला तीनच ओळी होत्या. मग एकदा एका सांध्यापाशी घेर उसवला, हवेत. एक पोरगा गेला. बावीस वर्षांचा. तो फाटका तुकडा काकांनी टेबलावर ठेवला आणि एकोणीस दिवस वरून त्या मशीनचा आवाज येत होता, टर्र, टर्र, जेवायलाही उतरले नाहीत धड. विसाव्या दिवशी खाली आले, माझ्या टेबलावर खडूने तीन ओळी काढल्या आणि त्यांच्यावर एक तिरपी. म्हणाले, ही एका पोराच्या जिवावर शिकलोय, ही कधी विसरू नका. मी नवी होते तेव्हा. नाही विसरले. नंतर करार होईपर्यंत एकही घेर उसवला नाही.

पण मी काही जुन्या दिवसांच्या आरत्या ओवाळत नाहीये. आपलं सैन्य केवढंसं, त्याला छत्र्या लागणार किती — चार महिने काम आणि आठ महिने माश्या मारा. छप्पर गळायचं. दर वर्षी बंद होणार, बंद होणार, अशी आवई. मग करार झाला. झेंडे लागले, भाषणं झाली — दोन देश, एक ढाल, असलं काहीतरी — आणि खरं सांगते, कारखाना त्या करारानेच जगला. दोन्ही सैन्यं एकत्र उडी मारणार, तर त्यांच्या माणसाला आपली छत्री चालली पाहिजे, आपल्या माणसाला त्यांची, म्हणजे दोन्ही एकच पाहिजे, धाग्याला धागा. बरोबर आहे ना, त्यात चूक काय. म्हणून दोन्ही सैन्यांच्या छत्र्या इथे आल्या. तीनशेच्या नऊशे झालो. दिवे आले, पंखे आले, पोरांसाठी पाळणाघर आलं. पाहुण्यांच्या नावाने — आम्ही त्यांना पाहुणेच म्हणतो — त्यांच्या नावाने बोटं मोडणारी मी नव्हे. त्यांचा इन्स्पेक्टर आहे, खिशात सदा भिंग, म्हणून आम्ही त्याला भिंगवाले म्हणतो. सज्जन माणूस. माझी शिवण बघून एकदा त्याने टोपी काढली होती, सगळ्यांसमोर. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

फक्त काय झालं — सगळं हळूहळू झालं, कुणी काही हिसकावलं नाही. कापड त्यांचं आलं. मग धागा त्यांचा. मग सुईसुद्धा त्यांची, डबीवर शिक्का. ड्रॉइंग तिकडून बंद पाकिटात यायला लागली, मग वरच्या खोलीत सात माणसं करणार काय? चार गेली. मग दोन. काका एकटे उरले, एका कपाटाची किल्ली सांभाळायला. एवढा मोठा माणूस, पाकिटं मोजून आत ठेवायचा. ते निवृत्त झाले आणि खोलीला सील लागलं, मशीन आतच. का, तर टेस्टिंगचा अधिकार त्यांचा. इथे आपण एक चिंधी ओढून बघायची नाही. सॅम्पल जहाजाने जातं, सहा आठवड्यांनी एक कागद येतो, त्यावर एक शब्द — योग्य. किती ताणाला टिकलं, कुठून फाटलं, काही नाही. योग्य. हात तेवढे आमचे राहिले, डोकं समुद्रापलीकडे गेलं. हे तुम्ही लिहू नका, हे आपलं बोलण्याच्या ओघात.

हो, येतेय, मुद्द्यावरच येतेय. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये ओळी तीन. आणि कापड असं तलम, की हातात घेतलं तर कळत नाही धरलंय की नाही. जाडजूड कापडाला तीन ओळी पुरल्या नाहीत आणि या कागदाला पुरणार? गप्प नाही बसले मी, साहेब, ते लिहा. फॉर्म असतो, बदल सुचवण्याचा. भरला. खाली चौकोन — ड्रॉइंग विभागप्रमुखांची सही. अहो, विभागच नाही तर प्रमुख कुठून आणू? मॅनेजरसाहेबांकडे गेले, ते हसले, म्हणाले, मास्तरीणबाई, दोन देशांनी सह्या केल्यात, तुम्ही शिवा. भिंगवाल्यांना विचारलं, दुभाष्या मध्ये घेऊन. ते म्हणाले, तीन पुरेत, आमच्याकडे तपासलंय. का पुरेत? ते नाही सांगितलं. आता वाटतं, त्यांनाही ठाऊक नसेल, त्यांनाही वरून कागदच येत असेल. तेव्हा मला वाटलं, यांना काय, यांचं पोर आहे का त्या दोरीला.

आणि माझं आहे. हो. लेक. एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी उडीच्या तुकडीत निवड झाली, मुलींच्या पहिल्याच गटात. घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा मी कौतुकाने तिची दृष्ट काढायची सोडून विचारलं, छत्र्या कुठल्या? म्हणाली, आई, तुमच्याच की. त्या आठवड्यात मी — लिहा. लिहून टाका, मला आता लपवायचं नाही. मीच. लांब वेणीवाली नाही, कुणी नाही, मी. माझ्या टेबलावर मशीन असतं नंबराच्या पट्टीसाठी. अठ्ठावीस सांधे, प्रत्येकावर चार बोटांची तिरपी ओळ, वीस मिनिटं लागतात. कधी जेवणाच्या सुट्टीत एक, कधी संध्याकाळी पाळी सुटल्यावर एक, आठवड्याला जेमतेम दोन. धागा तोच, रंग तोच. भिंगवाले पंचविसातली एक उचलतात, आणि थप्पी लावायची कुणी, तर मी — ते वरून उचलतात की मधून, ते मला दहा वर्षं ठाऊक आहे. लेकीला कुठली मिळेल ते ठरवता येत नाही ना. सगळ्या एकाच ढिगात जातात, आपल्यांच्या, त्यांच्या, काही फरक नाही, तोच तर करार. म्हणून जितक्या जमतील तितक्या करायच्या. दोनशे बारा झाल्या आणि मग —

काय म्हणाले मी?

दोनशे बारा. हो. नऊ नाहीत. नऊ तुम्हाला सापडल्या.

थांबा, उठू नका. काय म्हणालात? — नाही, असं नका लिहू. चांगले आहात तुम्ही, तुम्हाला आईचं मन कळलं, सगळं खरं, पण ‘जादा खबरदारी’ असं नका लिहू. ‘मजबुतीच वाढली, धोका नाही, ताकीद देऊन सोडावं’ — किती सरळ वाटतं ना? एक ओळ जास्त म्हणजे तेवढी ताकद जास्त. परवाना वाचेल, हॉल वाचेल, तुमचा अहवाल अर्ध्या पानाचा, जेवायला घरी. मला पण हेच हवं होतं. सोमवारी तुमचं पत्र आलं तेव्हा मला हेच हवं होतं. म्हणून तर मी काकांकडे गेले. म्हटलं, काका, सिद्ध करून देऊ या की माझी शिवण त्यांच्यापेक्षा घट्ट आहे, मग कोण काय बोलेल. म्हातारा सत्तरीच्या पुढे गेलाय, पण डोळे असे चमकले. किल्ली होती त्यांच्याकडे, दुसरी, कधी परतच केली नव्हती. काल दुपारी, सगळे कँटीनमध्ये असताना, आम्ही दोघं जिना चढलो. सील तोडलं मी, तेही लिहा. मशीनवर धूळ ही एवढी. काकांनी स्वतःच्या रुमालाने पुसलं, तेल घातलं, आणि मी चार तुकडे काढले, सगळे त्यांच्याच कापडाचे, एकावर तीन ओळी, बाकी तिन्हींवर चार.

तीनवाला चढला, चढला, काटा पार उजवीकडे गेला आणि मग फाटला. काका म्हणाले, वा, चांगलं कापड आहे की गं हे. मग माझा लावला. निम्म्यावर. काटा निम्म्यावर होता आणि फाटला. माझ्या तिरप्या ओळीवरून, सरळ, कातरल्यासारखा. मी म्हटलं, पकड चुकली असेल. दुसरा लावला. निम्म्यावर. तिसऱ्यांदा काकांनी स्वतः चाक फिरवलं, हळूहळू, आणि मी काट्याकडे बघितलंच नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते स्टुलावर बसले. तो तुकडा उजेडाकडे धरला. म्हणाले, कापड बदललंय गं. माझी ओळ आपल्या जाड कापडासाठी होती. या तलमाला सुईची भोकं सोसत नाहीत, जितकी भोकं जास्त तितकं ते दुबळं. तीनच बरोबर आहेत. म्हणून तीन आहेत. आणि मग म्हातारा रडायला लागला, मला म्हणाला, मी तुला ओळ शिकवली, का ते नीट शिकवलं नाही. दोन वाक्यं होती हो. भिंगवाल्यांनी दोन वाक्यं सांगितली असती, त्या कागदावर ‘योग्य’च्या खाली कुणी दोन वाक्यं लिहिली असती, नाहीतर ते मशीन मला पहिल्याच दिवशी अर्धा तास मिळालं असतं — पण ते राहू द्या. सुई माझ्या हातात होती, त्यांच्या नाही.

आजवर काही झालं नाही ते साध्या उड्या होत्या म्हणून. हलकं माणूस, संथ विमान, निम्मा ताणसुद्धा येत नसेल. आज तसं नाहीये. आज पूर्ण ओझं, पाठीवर आणि पायाला, आणि पाहुण्यांची ती मोठी विमानं, वेगाची. लेक दोन महिने तेच सांगतेय, आई, या वेळी खरी उडी आहे, आतापर्यंतच्या लुटुपुटूच्या. कळलं का तुम्हाला आता मी वारा वारा काय करत होते?

नंबर? हो ना, नंबर. तुमचं डोकं बरोबर चाललंय, माझंही आधी तिथेच गेलं. दोनशे बारा नंबर मी एका वहीत लिहीत होते, पहिल्यापासून. वाटायचं, उद्या कधी विचारलं तर छाती पुढे काढून दाखवीन. ती वही सोमवारी जाळली. कँटीनच्या भट्टीत. पत्रात लिहिलं होतं ना की टेबलं तपासणार — माझ्या तोंडचं पाणी पळालं, म्हटलं ही वही सापडली की परवाना गेला, नऊशे जणींचं अन्न माझ्या पायी गेलं. तेव्हा मला कुठे ठाऊक होतं? सोमवारी जाळली, बुधवारी कळलं. उलट झालं असतं तर आज तुम्हाला यादी दिली असती आणि दोनशे बारा काढून बाकीच्यांनी खुशाल उडी मारली असती. आता एकेक छत्री उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तीनशेवीस छत्र्या, चार तासांत उघडून, बघून, पुन्हा घडी — होत नाही ते. म्हणून सगळीच उडी थांबवायची. दुसरा रस्ता नाही, मी रात्रभर शोधलाय.

मग काल दुपारीच का नाही बोलले. विचारा, विचारायलाच हवं. बोलले नाही. काल एक वाजल्यापासून आज तुम्ही येईपर्यंत मूग गिळून बसले. पाळी संपेपर्यंत टेबलावर बसून नंबराच्या पट्ट्या शिवल्या. त्या खिडकीतून बघा — हॉल दिसतो ना? तिसऱ्या रांगेतली ती निळ्या ओढणीवाली, तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय, ती एकटी कमावते. तिच्या मागची, तिची पाळणाघरात जुळी आहेत. मी प्रत्येकीचं असं सांगू शकते. मी तोंड उघडलं की पाहुणे ते कलम दाखवणार, आणि त्यांचं चूक नाही, त्यांचीही माणसं आहेत त्या दोऱ्यांना. मग कुठे जाणार या? आपलं कापड राहिलं नाही, आपली दोरी राहिली नाही, गिरणीच्या जागी गोदाम आहे. करार गेला तर आम्हाला स्वतःची छत्रीच येत नाही, साहेब. पंधरा वर्षांत सगळं विसरलो, आणि मला एकटीला एक ओळ आठवत होती, तीही चुकीच्या कापडासाठी. म्हणून वाटलं, तुम्ही याल, तुम्हाला काहीतरी सांगून उडी पुढे ढकलायला लावीन, मग डेपोत जाऊन एकेक उसवीन, कुणाला कळायच्या आत. मूर्खपणा. पण बुडणाऱ्याचं डोकं असंच चालतं.

सकाळी नऊला तिचा फोन आला होता. छत्र्या वाटून झाल्या म्हणाली. खुशीत होती. म्हणाली, आई, नंबर सांगू का, बघ तुला आठवतोय का — चार सात तीन शून्य आठ. तिला गंमत वाटते ना, आईने पट्टी शिवलीय. आणि मी, जिला बत्तीस वर्षांत कुठली छत्री कुठल्या थप्पीत गेली ते तोंडपाठ असायचं, मी डोळे मिटून ती वही उलटत होते. चार सात तीन शून्य सहा होता, तो आठवतो. शून्य नऊ होता. शून्य आठ — आहे असं वाटतं, मग नाही असं वाटतं. मी म्हटलं, पोट दुखतंय सांग आणि मागे राहा, आज उडी मारू नकोस. हसली. म्हणाली, तुझ्या हातची आहे, मला काय होणार. फोन ठेवला. मग मी पुन्हा लावला तर बंद, सरावाला फोन जमा करतात.

काय? —

नाही, ऐकलं मी. पुन्हा म्हणा बरं. पुन्हा म्हणा, माझ्याकडे बघून.

लेकीला तेवढं बाजूला काढू. तुमची ओळख आहे तिथे, एक शब्द टाकला की वैद्यकीय कारणावरून तिला उतरवतील. बाकीची उडी होऊ दे, एवढ्या छत्र्यांतल्या दोनशे बारा, आज वाटलेल्यांत असतील आठ-दहा, आणि असल्या तरी फाटतीलच असं थोडंच, आणि उद्यापासून गुपचूप एकेक काढून घेऊ. परवाना राहील. हॉल राहील. तुमचं संयुक्त पुरवठा कार्यालय राहील — तेही आहेच की, तुमची खुर्चीसुद्धा त्याच करारावर आहे, नाही का. घामाघूम झालात तुम्ही. घ्या, पुसा.

रागावत नाहीये मी. कशी रागावू? पहाटे चार वाजता स्वयंपाकघरात उभी राहून अगदी हेच ठरवलं होतं मी. अगदी हेच, शब्दाला शब्द. तिला घरी ठेवायची, बाकीचं देवावर. सकाळी फोनवर तिला थांब म्हटलं तेही त्याच विचाराने; ती ऐकेना, मग वारा सुचला. पण तुमच्या तोंडून ऐकलं ना, तर कसं वाटलं सांगू? ती आठ-दहा पोरं कुणाची, ते विचारलं नाहीत तुम्ही. मी पण नव्हतं विचारलं. त्यांचीही कुणी आई असेल, कुठल्यातरी शेवटच्या टेबलावर.

सरका जरा. फोन इकडे द्या. नाही, मीच लावते — मला काय लावता येत नव्हता का? सकाळपासून इथेच आहे तो, विमानतळाचा नंबर भिंतीवर लिहिलाय, तुमच्या कार्यालयाचा त्याच्याखाली. तुमची वाट बघत बसले, कारण दुसऱ्याने उचलला असता तर बोलणारी मी नसते. भीती वाटते, साहेब, अजून वाटते. तुम्ही तुमच्या फाईलमध्ये काय लिहायचं ते लिहा, मी तुम्हाला काही सांगितलंच नाही असं लिहिलंत तरी चालेल.

— हॅलो. हो. छत्रीच्या कारखान्यातून बोलतेय, शिलाई विभाग. सराव प्रमुखांना द्या. नाही, निरोप नाही, त्यांनाच. अर्जंट म्हणजे किती अर्जंट? आजची उडी थांबवायची आहे. छत्र्या चुकीच्या शिवल्या आहेत. कुणी म्हणजे? मी. हो, थांबते.

बोलावतायत त्यांना. — तुम्ही जा आता, साहेब. जाताना दार ओढून घ्या, हॉलमध्ये ऐकू जाईल.